डाव्या कोपऱ्यातली टाचणी

सोमवार

ओठाच्या डाव्या कोपऱ्यात टाचणी टोचली. नेमकी कधी ते कळलं नाही, पण सकाळपासून तिथे झिणझिण चालू आहे. शिंप्याच्या तोंडात टाचण्या असायच्याच. डाव्या कोपऱ्यात टाचण्या, उजवा कोपरा बोलायला, अशी माझी वर्षानुवर्षांची वाटणी आहे. त्यामुळे तिकडे कानाडोळा केला आणि दुपट्याची शेवटची कड हातशिलाईनं पुरी केली.

दुपटं नातीसाठी. परवा आमची रिळी येते आहे. रिळी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. लहानपणी दुकानभर घरंगळत असायची म्हणून रिळी. सोबत जावईबापू आणि सव्वा महिन्याचं बाळ. बाळ दिवस भरण्याआधीच आलं, दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं, त्यामुळे आम्ही अजून त्याला फोटोतच पाहिलंय. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी तिघंही समुद्रापलीकडे जातील. जावईबापूंची नोकरी तिकडे लागली आहे. दोन वर्षं तरी येणं नाही म्हणतात.

लोक जातातच की समुद्रापलीकडे. त्यात काय मोठंसं.

मंगळवार

आरशात पाहिलं आणि तोंड पाडूनच बाहेर आलो. टाचणीची जखम नव्हे, ओठाच्या कोपऱ्यावर पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुबका.

हिनं लांबूनच ओळखलं. "अहो, ताप फुटलाय ओठावर. नेहमीचाच."

"नेहमीचा काय? पंख्याचा वारा लागला."

"रिळीच्या शेवटच्या परीक्षेलाही पंख्याचाच वारा होता वाटतं? आणि तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी?"

मी म्हटलं, हो, दोन्ही वेळेला हवा बदलत होती. हिनं पुढे वाद घातला नाही. हिची ही एक वाईट खोड आहे. वाद अर्ध्यात सोडून देते आणि जिंकल्यासारखी दिसते.

कोपऱ्यावरच्या औषधवालीकडे गेलो. चुणचुणीत मुलगी आहे, तिच्या पांढऱ्या कोटाची तुटलेली बटणं मीच शिवून देतो. तिनं ओठ पाहिला आणि विचारलं, "काका, झिणझिण कधी सुरू झाली?"

"काल सकाळी. मला वाटलं टाचणी."

"अरेरे. हे मलम तेव्हाच लावायचं असतं, फोड यायच्या आधी. आता लावा, पण फार घाई करणार नाही ते. आठवडा-दहा दिवस घेईल, मग आपलं आपण जाईल. हात लावायचा नाही, फोडायचं नाही. लावलाच हात, तर लगेच साबणानं धुवायचा. आग झाली तर रुमालात बर्फ. टॉवेल आणि कप वेगळा." मग तिनं विचारलं, "कसली काळजी लागून राहिलीय का?"

"मला कसली काळजी? उलट नात येते आहे घरी!"

ती हसायची थांबली. बाळ केवढं, कधी झालं, सगळं विचारून घेतलं. "काका, नीट ऐका. मोठ्यांना हा नुसता त्रास असतो. एवढ्या लहान बाळाच्या मात्र जिवावर बेतू शकतं. खपली पडून खाली कातडी पूर्ण भरेपर्यंत पापा अजिबात नाही. तोंडही जवळ न्यायचं नाही. हात धुऊन, मास्क लावून मांडीवर घेतलंत तर चालेल."

तडक घरी निघालो. आणि दारातच आठवलं, दुपट्याची कड! प्रत्येक सुई ओवताना दोऱ्याचं टोक मी याच तोंडात ओलं केलं होतं. मोठ्या पातेल्यात दुपटं उकळायला टाकलं. ही म्हणाली, गरम पाण्यात साबणानं धुतलं तरी पुरे आहे. मी ऐकलं नाही. लाल कडेचा रंग सुटला आणि पांढरंशुभ्र दुपटं गुलाबी झालं, तेही जागोजागी वेगवेगळं.

बुधवार

आली. 

अस्तराच्या कापडाचा दुहेरी मास्क शिवून तो बांधून उभा होतो. रिळी आत आली ती बाळ पुढे करूनच. "घे बाबा. तुझं गिऱ्हाईक आणलंय."

मी मागे सरकलो आणि कापड बेतायच्या टेबलापलीकडे जाऊन उभा राहिलो. ओठाचं सांगितलं. दवाखान्यातून निघताना तिलाही बजावून सांगितलेलंच होतं. तरी म्हणाली, "मास्क आहे, हात धुतलेस. नुसतं धर की."

"नको. मला माझं तोंड माहीत आहे."

खरंच माहीत आहे. या तोंडाला मला विचारायची सवय नाही. टाचणी, दोरा, खडू, पेन्सिल, हातात आलेली वस्तू तोंडाशी गेली नाही असं कधी झालंच नाही. रिळी लहान असताना तिच्या टाळूवर ओठ टेकल्याशिवाय तिला कधी उचललं नसेन. बाळ हातात आलं की मास्कबिस्क बाजूला राहील आणि मान आपोआप खाली जाईल. एवढी जोखीम मी घेणार नाही.

रिळीचं तोंड एवढंसं झालं. मग तिनं बाळ हिच्यापुढे केलं, पण हिच्या दोन्ही हातांत जावईबापूंच्या बॅगा होत्या. "आधी वर चला, बाळाला वारा लागेल," असं म्हणून ही जिना चढलीसुद्धा. 

गाठोड्यातून एक नाक आणि एक मूठ दिसली. बस. हिला काय, ही आता दिवसभर वरच.

गुलाबी दुपटं रिळीला आवडलं. "असं रंगवलेलं दुकानात मिळत नाही," म्हणाली.

गुरुवार

समोरचा घड्याळवाला चहाला आला आणि उपायांचं पोतं रिकामं करून गेला. टूथपेस्ट लाव, अत्तर लाव, लिंबू आणि मीठ चोळ, त्याच्या मामांचं एका रात्रीत गेलं होतं. मामा आता हयात नाहीत, त्यामुळे विचारायची सोय नाही. मी गुपचूप लिंबू-मीठ करून पाहिलं. भर दुपारी तारे दिसले. 

ही धावत आली. मला नको नको ते बोलली, ओठ गार पाण्यानं धुतला आणि रुमालात बर्फ गुंडाळून धरून बसली. आग उतरल्यावर कापसाच्या काडीनं मलम लावलं. मी लावतो म्हटलं तर म्हणते, "तुम्ही लावत नाही, तुम्ही कोरता." आणि मग कोपरापर्यंत हात घासत बसली, जशी काही शस्त्रक्रिया करून आली आहे. दिवसातून पाच वेळा हाच सोहळा.

दुपारभर दुकानात माझ्या शेजारीच होती. आता दोरा तोंडात घालायचा नाही, तर ही मला सुया ओवून देते. उशीवर ओवलेल्या सुयांची रांगच लावली. वर नात आली आहे आणि ही इथे सुया ओवत बसली आहे! रिळीला विश्रांती हवी असणार, म्हणून तिनंच खाली पाठवलं असेल.

शनिवार

बाळाचा आवाज छतातून येतो. माझं मशीन जिथे आहे बरोब्बर त्याच्यावर त्यांचा पलंग. मशीन थांबलं की ते रडतं, सुरू झालं की गप्प. आज कामं नसताना रिकामंच मशीन चालवलं. नातीची आणि माझी एवढीच ओळख.

वरून खूप हसण्याचा आवाज आला. मनात म्हटलं, मजा आहे एका माणसाची! तेवढ्यात ही मागच्या दारानं धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आली. जिना कधी उतरली कळलंच नाही. या वयातही पाय हलके आहेत हिचे.

रविवार

फोड फुटून पाणी गेलं, आता पिवळट खपली धरते आहे. हसलं की ताणते, म्हणून हसायला बंदी. आंबट आणि तिखटही बंद. ही मला गार सूप चमच्यानं प्यायला लावते. 

रात्रीच्या जेवणानंतर मी हिला विचारलं, "बाळाला वास कसा येतो गं?"

ताटं उचलत म्हणाली, "बाळासारखा."

"म्हणजे कसा?"

"आता बाळासारखा म्हणजे बाळासारखा! खपली ताणेल, बोलू नका."

इतके दिवस नात मांडीवर खेळवायला मिळाली, तर निदान दोन शब्द सांगायला काय जातं? माणसानं किती भाव खावा!

मंगळवार

आज अक्कल गहाण टाकली होती. दुसरा शब्द नाही.

बँकेतले साहेब कोटाच्या फिटिंगला आले. खपली काळी आणि कोरडी झाली होती, कालच औषधवाली म्हणाली होती की आता दोन-तीन दिवसांत पडेल. म्हणजे शुक्रवारी पडली तर शनिवार आणि रविवारची सकाळ माझी. मनात हा हिशेब आणि हातात कोटाची बाही. दंड जरा ढिला होता. चार टाचण्या उचलल्या आणि नेहमीच्या जागी, डाव्या कोपऱ्यात, धरल्या.

कळ आली तेव्हा कळलं. खपली निम्मी निघून आली, रक्त हनुवटीवर. साहेब घाबरले, त्यांना वाटलं मी टाचणी गिळली. टाचण्या फेकून दिल्या, हात धुतले, साहेबांना शुक्रवारी या म्हणून सांगितलं आणि दुकानाचं दार ओढून घेतलं.

ही बर्फ घेऊन आली. रक्त पुसलं आणि रुमाल ओठावर धरून बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मला त्या पोरीला घ्यायचं आहे. डायरीत तरी लिहून टाकतो. दोन वर्षांनी ती परत येईल तेव्हा पळत असेल, मला पाहून आईच्या मागे लपेल. हे हातात मावण्याएवढं गाठोडं मला पुन्हा मिळणार नाही. आणि ते मी चार टाचण्यांपायी घालवलं.

बुधवार

सकाळी वर निरोप पाठवला की काम फार आहे, कुणी खाली येऊ नका. रिळी आलीच. बाळाला घेऊन दाराजवळच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली, मी टेबलापलीकडे.

"बाबा, रुसलास का?"

"खपलीवर रुसलोय."

मग तिनं एक युक्ती केली. उठून ट्रायलच्या मोठ्या आरशासमोर उभी राहिली आणि बाळ आरशाकडे तोंड करून धरलं. "आता तिकडूनच बघ." मी टेबलापलीकडून आरशात पाहिलं. पहिल्यांदा पुरतं पाहिलं. भुवया आमच्या हिच्या. कान दुर्दैवानं माझे. बाळानं डोळे उघडले आणि आरशातून थेट माझ्याकडे पाहिलं. घड्याळवाला म्हणतो एवढ्या बाळाला लांबचं दिसत नाही. त्याला काय कळतंय.

"माप घे की तिचं," रिळी म्हणाली. टेप तिच्याकडे टाकली. ती मोजत गेली, मी लांबून सांगत गेलो, छाती अशी नाही, काखेखालून. हात जरा वाकवून, मग मनगटापर्यंत. आजवर एवढं बारीक गिऱ्हाईक आलं नव्हतं. पाठीच्या मापात तर बँकेतल्या साहेबांची कॉलरसुद्धा बसली नसती.

ही दुकानामागच्या स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहून आरशात बघत होती. डोळ्यांत पाणी. कांदा चिरत असावी.

"तू पण ये ना आई," रिळी म्हणाली.

"माझे हात ओले आहेत," म्हणून ही आत गेली.

जाताना रिळीनं विचारलं, "बाबा, आम्ही जाणार म्हणून तुला काळजी वाटते का रे?"

"छे. मला कसली काळजी? तिकडे थंडी आहे, लोकरीचं शिवलंय का सगळ्यांचं, तेवढंच." 

शुक्रवार

नवी खपली धरली आहे, आधीपेक्षा लहान. तडकू नये म्हणून ही कापसाच्या काडीनं व्हॅसलीन लावते. मी पुतळ्यासारखा बसतो. तेवढा वेळ बोलणंसुद्धा हातवाऱ्यांनी.

घड्याळवाल्यानं मंगळवारची हकिकत ऐकली होती. लाजत लाजत एक वस्तू घेऊन आला. तो बारीक स्क्रू ठेवतो ते चुंबक, त्यानं जुन्या घड्याळाच्या पट्ट्यावर बसवून आणलं होतं. मनगटाला बांधायचं, टाचण्या त्यावर. "लिंबू-मिठाची भरपाई," म्हणाला. साहेबांच्या बाहीच्या चारही टाचण्या मनगटावरून उचलून लावल्या. तोंड रिकामं. आयुष्यात पहिल्यांदा फिटिंग करताना गिऱ्हाइकाशी दोन्ही कोपऱ्यांनी बोललो.

वर बॅगा भरायचे आवाज येत आहेत.

शनिवार

पडली नाही.

सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, संध्याकाळी आरसाच पालथा करून ठेवला. ही म्हणाली, "बघून पडत नाही ती." रिळी दारात येऊन पुन्हा म्हणाली, मास्क लावून घे. हात पुढे झाले होते माझे. पण मग मी ते पाठीमागे बांधले. आता इतकं सांभाळलं आहे. 

आज जेवण कुणालाच गेलं नाही.

रविवार

उठून गार पाण्यानं तोंड धुतलं. टॉवेलवर पाहिलं तर ती पडली होती! बोटाच्या टोकावर मावेल एवढीशी. एवढ्याशा वस्तूनं मला घरात परका करून ठेवलं होतं.

हात धुऊन तडक औषधवालीच्या दारात. रविवारचं दुकान बंद होतं, ती वरच राहते, गॅलरीत दात घासत होती. खाली आली, उजेडात माझी मान इकडून तिकडून फिरवली. "भरलीय कातडी. नुसती गुलाबी आहे. घ्या जाऊन, काका." मी निघालो तशी मागून ओरडली, "तोंडाचा पापा तरीही नाही हं! पायाचा घ्या!" सगळ्या रस्त्याला कळलं.

रिळीनं दोन्ही हातांनी बाळ माझ्या हातात ठेवलं. मी मास्क लावूनच होतो, सवय झाली आता. वजन म्हणाल तर लोकरीच्या अर्ध्या ताग्याएवढंही नाही, तरी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ते माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिलं. मग मी मास्क खाली केला आणि तळपायावर, अगदी टाचेवर, ओठ टेकले.

रिळी म्हणाली, "आई, आता तरी तू घे."

मी म्हटलं, "आता तरी म्हणजे?"

जावईबापू बॅगेच्या बंदाशी खेळायला लागले. शेवटी रिळीच म्हणाली, "बाबा, आईनं अजून एकदाही घेतलेलं नाही तिला. मी रोज सांगत होते, हात स्वच्छ धू आणि घे, काही होत नाही. ऐकलं नाही तिनं."

मी हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीकडे बघत म्हणाली, "दिवसभर माझे हात तुमच्या ओठाला. आणि वर मी नातीला मांडीवर घेऊन बसायचं, खाली तुम्ही एकटे रिकामं मशीन चालवणार. मला नसतं जमलं."

बादली. बॅगा. ओवलेल्या सुया. बाळाला वास कसा येतो, ते हिनं मला का सांगितलं नाही, ते. मापातला फरक लांबूनही माझ्या नजरेत भरतो म्हणतात.

बाळ हिच्या हातात दिलं. हिनं ते छातीशी घेतलं, मान वाकवली, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. गाडीवाला खाली हॉर्न वाजवत होता, कुणी हललं नाही.

मी हळूच विचारलं, "आता सांग. कसा येतो?"

"नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखा," म्हणाली. "गरम."

मी नाक नेऊन पाहिलं. बरोबर होतं.

मग गेले. गाडी वळेपर्यंत गुलाबी दुपटं काचेतून दिसत होतं.

मंगळवार

दुकानात काम बरंच आहे. बाळाच्या मापाचं लोकरीचं जाकीट बेतलं, पुढच्या वाढीचं कापड आत दुमडून ठेवलं आहे. उसवलं की मोठं होईल.

दुपारी शिवताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यात झिणझिण झाली.

टाचण्या सगळ्या मनगटावर होत्या. पंखा बंद होता. हवाही बदललेली नव्हती. मी मशीन थांबवलं आणि नुसता बसलो. वरून आवाज काही येत नव्हता.

मशीन थांबलेलं ऐकून ही बाहेर आली. माझ्याकडे एकदा पाहिलं, आत गेली, आणि एका हातात मलम, एका हातात रुमालातला बर्फ घेऊन परत आली. स्टूल ओढून समोर बसली.

मी म्हटलं, "मला त्यांची फार काळजी वाटते गं."

"मलाही," ही म्हणाली. "तोंड इकडे करा."